पडद्यावर फिरणारे दाते

आणे म्हटलं की जुन्नर तालुक्यात कुणालाही आधी आठवते रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीची आमटी-भाकरी. कल्याण-नगर महामार्गावरचा घाट चढून आलं की हे पठार लागतं. पाण्याची ओरड इथे जुनीच. त्यामुळे शेतीचं वेळापत्रक पावसाच्या हातात. पहिला पाऊस होऊन वाफसा आला की सगळ्यांना ट्रॅक्टर एकदमच हवा असतो, आणि ट्रॅक्टरच्या मागे हमखास रोटाव्हेटर जोडलेला असतो. ढेकळं फोडणाऱ्या या अवजाराच्या एका बाजूला तेलानं भरलेला, घट्ट बंद केलेला लोखंडी डबा असतो. काही रोटाव्हेटरांत त्याच्या आत साखळी असते, काहींत एकाखाली एक असे तीन गिअर. हे गिअर फिरताना पाहायची काही सोय नाही. झाकण काढलं तर तेल सांडतं, आणि चालू यंत्राजवळ हात नेणं म्हणजे बोटांवर पाणी सोडणं.

मग आत चाललंय काय, हे दाखवायचं कसं? ओतूर, कुरण, बेल्हे या भागात आता इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर कॅडचं सॉफ्टवेअर असतं. यंत्राचा एकेक भाग मापानुसार, तिन्ही मितींत रचायचा, भाग एकमेकांना जोडायचे आणि जोडणी हलवून पाहायची, हे कॅडचं काम. डबा पारदर्शक करता येतो, तेल नाहीसं करता येतं, मिनिटाचे फेरे शंभर पटींनी मंद करता येतात. प्रोजेक्टच्या सादरीकरणात गिअर फिरताना दिसले की परीक्षकही जरा सरसावून बसतात.

पण या दृश्यात एक गोम आहे आणि ती पाहणाऱ्याला सहसा कळत नाही. पडद्यावरचे दाते एकमेकांना ढकलत नसतात. लोखंडाच्या गिअरमध्ये एकाचा दाता दुसऱ्याच्या दात्यावर दाब देतो, म्हणून दुसरा फिरतो. नेहमीच्या कॅड अ‍ॅनिमेशनमध्ये मात्र दोन्ही गिअर स्वतंत्रपणे फिरवलेले असतात. पहिला इतके अंश फिरला तर दुसरा तितके अंश उलटा फिरेल, एवढं गणित सॉफ्टवेअरला दिलेलं असतं. दाते पुसून टाकले आणि नुसत्या दोन गोल चकत्या ठेवल्या, तरी हालचाल तीच राहील. दाते तिथे शोभेला असतात, आणि म्हणूनच ते चुकीचे काढले तरी सॉफ्टवेअर तक्रार करत नाही.

एक साधी जोडी घेऊ. लहान गिअरला २० दाते, मोठ्याला ६०. दात्याचा आकार ठरवणारं माप म्हणजे मॉड्यूल. ते ४ मिलिमीटर धरू. दात्यांची संख्या गुणिले मॉड्यूल केलं की पिच वर्तुळाचा व्यास मिळतो. लहानाचा ८०, मोठ्याचा २४० मिलिमीटर. ही दोन काल्पनिक वर्तुळं एकमेकांना टेकून, न घसरता फिरतात असं मानायचं. दोन्ही शाफ्टमधलं अंतर म्हणजे या व्यासांच्या बेरजेचं निम्मं, १६० मिलिमीटर. दात्यांची टोकं पिच वर्तुळाच्या एक मॉड्यूल बाहेर येतात, म्हणून बाहेरून मोजलेला व्यास ८८ आणि २४८ भरतो. पट्टी घेऊन बसणारा नवशिका नेमका बाहेरचा व्यास धरतो, शाफ्टमधलं अंतर १६८ ठेवतो, आणि मग पडद्यावर दाते एकमेकांच्या टोकाला टोक लावून फिरताना दिसतात. अ‍ॅनिमेशन सुरळीत चालतं. असं यंत्र प्रत्यक्षात बनवलं तर मोठा गिअर जागचा हलणार नाही.

गुणोत्तर सोपं आहे. ६० भागिले २० म्हणजे ३. लहान गिअरच्या तीन फेऱ्यांना मोठ्याची एक, आणि दिशा उलट. ही उलट दिशा म्हणजे गणितातलं उणे चिन्ह. ते विसरलं की दोन्ही गिअर एकाच दिशेनं फिरतात आणि जिथे दाते भेटतात तिथे एकाचे वर तर दुसऱ्याचे खाली जाताना, सरळ एकमेकांच्या अंगातून आरपार जाताना दिसतात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या कितीतरी चित्रांत आणि कंपन्यांच्या बोधचिन्हांत तीन गिअर त्रिकोणात एकमेकांत अडकवलेले असतात. तसे तीन गिअर फिरूच शकत नाहीत. पहिला उजवीकडे, दुसरा डावीकडे, तिसरा पुन्हा उजवीकडे. पण तिसरा पहिल्यालाही भिडलेला, म्हणजे त्याला डावीकडे फिरायला हवं. सगळं जाम.

चिन्ह आणि गुणोत्तर बरोबर आलं तरी एक गोष्ट उरते: सुरुवातीची स्थिती. लहान गिअर डावीकडे, मोठा उजवीकडे ठेवला आहे. दोन्ही रेखाटताना पहिला दाता सवयीनं उजव्या बाजूला, तीनच्या काट्यावर काढलेला असतो. लहान गिअरचा तो दाता बरोबर मोठ्याकडे तोंड करून आहे. मोठ्या गिअरची डावी बाजू मात्र पहिल्या दात्यापासून १८० अंशांवर येते. दात्यांची संख्या ६०, म्हणजे सम असल्यामुळे तिथेही दाताच येतो. दात्यासमोर दाता! मोठा गिअर अर्ध्या दात्यानं सरकवला की काम होतं. ३६० भागिले ६० म्हणजे ६ अंश, त्याचे निम्मे ३. मोठ्याला ६१ दाते असते तर हा उद्योग करावाच लागला नसता, कारण विषम संख्येत दात्याच्या बरोबर समोर खाच येते. शिकवणारे हे क्वचितच सांगतात, आणि विद्यार्थी माऊसनं गिअर इकडेतिकडे ढकलत डोळ्यांनी जुळवत बसतात.

एकसष्टचा विषय निघालाच आहे, तर तो फक्त पडद्यापुरता नाही. २० आणि ६० या जोडीत लहान गिअरचा एक ठरावीक दाता मोठ्याच्या त्याच त्याच तीन दात्यांना भेटत राहतो. त्यात एखादा दाता खराब असला तर तो आपल्या ठरलेल्या सोबत्यांनाच झिजवतो. २० आणि ६१ या जोडीत लहानाचा प्रत्येक दाता मोठ्याच्या सगळ्या दात्यांना आळीपाळीनं भेटतो, तीच जोडी पुन्हा यायला लहान गिअरला ६१ फेऱ्या लागतात. झीज वाटली जाते. म्हणून गिअरबॉक्सच्या तक्त्यात ३१, ३७, ४३ असे आडनिडे आकडे पुष्कळदा दिसतात.

दात्याच्या बाजूंचा बाक हीसुद्धा हौसेची गोष्ट नाही. रिळावरचा दोरा ताठ धरून उलगडत गेलं की दोऱ्याचं टोक जी वक्र वाट काढतं, तिला इन्व्होल्यूट म्हणतात. अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलर यांनी दात्यांसाठी हा आकार सुचवला, आणि आजचे बहुतेक गिअर त्याच आकाराचे असतात. या आकाराचे दाते एकमेकांवरून घसरत गेले तरी वेगाचं गुणोत्तर क्षणभरही बदलत नाही. आणखी एक फायदा असा की शाफ्टमधलं अंतर किंचित चुकलं तरी गुणोत्तर टिकतं. सरळ बाजूंचे, विटेसारखे दाते काढले तर अ‍ॅनिमेशनमध्ये ते एकमेकांत घुसलेले दिसतात, आणि हे मात्र पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येतं. फ्रीकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दात्यांची संख्या, मॉड्यूल आणि २० अंशांचा दाबकोन (दाता दात्याला ज्या कोनात ढकलतो तो) दिला की इन्व्होल्यूट गिअर आपोआप तयार होतो. हातानं काढत बसायची गरज नाही. एवढं लक्षात ठेवायचं की या दाबकोनाला दाते १७पेक्षा कमी झाले तर दात्याच्या बुडाशी पोखरल्यासारखा आकार येतो आणि दाता कमजोर होतो.

आता जोडणी. सॉलिडवर्क्समध्ये तिला गिअर मेट म्हणतात, फ्यूजनमध्ये मोशन लिंक, आणि नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या फ्रीकॅडच्या १.० आवृत्तीत गिअर जॉइंट. तिन्हीकडे काम एकच: दोन शाफ्टच्या फिरण्यात गुणोत्तर बांधून टाकणं. सॉलिडवर्क्समध्ये इथे एक सापळा आहे. दोन गोलाकार पृष्ठभाग निवडले की ते त्यांच्या व्यासांवरून गुणोत्तर स्वतःच भरून टाकतं. निवडताना शाफ्टचं भोक निवडलं आणि दोन्ही भोकं २५ मिलिमीटरची असली, तर गुणोत्तर येतं एकास एक. मग ६० दात्यांचा गिअर २० दात्यांच्या गिअरइतक्याच वेगानं गरगरतो. आकडा हातानं बदलता येतो, पण त्यासाठी आधी शंका यायला हवी. ओपनएससीकॅडमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे सगळं लिहून सांगायचं असतं. ‘टी’ ही संख्या ०पासून १पर्यंत जाते, लहान गिअरचा कोन ‘टी’च्या १८ पट आणि मोठ्याचा उणे ६ पट. एवढ्यात दोन्ही गिअर बरोबर एकेक दाता पुढे सरकतात, आणि सगळे दाते सारखेच असल्यामुळे शेवटचं चित्र पहिल्यासारखंच दिसतं. काही फ्रेमची ही फीत पुन्हा पुन्हा चालवली की गिअर अखंड फिरतोय असं वाटतं. अर्थात गिअरला आरे किंवा चावीची खाच असेल तर ही लबाडी उघडी पडते.

रोटाव्हेटरच्या डब्यात याहून मजेशीर गोष्ट आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या पीटीओ शाफ्टचे मिनिटाला ५४० फेरे हे जगभर रुळलेलं प्रमाण. मधल्या गिअरबॉक्समधले तिरक्या दात्यांचे बेव्हल गिअर ही गती ९० अंशांत वळवून बाजूच्या डब्याकडे नेतात, आणि तिथले तीन गिअर ती खाली पात्यांच्या शाफ्टपर्यंत पोचवतात. पाती साधारण दोनशेच्या आसपास फेऱ्यांनी फिरतात. समजा, या तिघांत वरच्याला १८ दाते, मधल्याला ३० आणि खालच्याला २७. वेग किती कमी झाला? मधला मोठा आहे म्हणून तो वेग पार उतरवत असेल, असं पाहताक्षणी वाटतं. पण वरून मधल्याकडे जाताना ३० भागिले १८, आणि मधल्याकडून खाली जाताना २७ भागिले ३०. गुणाकार केला की ३० कापला जातो आणि उरतं २७ भागिले १८, म्हणजे दीड. मधल्याला ३०च्या जागी ५० दाते दिले तरी उत्तर दीडच. तो दोन कामं करतो: वरच्या आणि खालच्या शाफ्टमधलं अंतर भरून काढतो, आणि दिशा दोनदा उलटवून पुन्हा मूळ दिशेवर आणतो. तो नसता तर पाती उलटी फिरली असती. फळ्यावर हे समजावायला दहा मिनिटं लागतात. अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक गिअरचा एकेक दाता लाल करून ठेवला तर पोरं स्वतः फेरे मोजतात आणि उत्तर काढतात. गिअरच्या अ‍ॅनिमेशनचा याहून चांगला उपयोग नाही. रंगीबेरंगी उजेड, चकचकीत धातू आणि भोवती फिरणारा कॅमेरा यांवर जो वेळ जातो, त्याच्या निम्म्यात एक दाता लाल करून होतो.

वेगाबाबत मात्र पडदा फसवतो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा. २० दात्यांच्या गिअरमध्ये दोन दात्यांमधलं अंतर १८ अंश. दोन फ्रेमच्या दरम्यान गिअर बरोबर १८ अंश फिरला, तर प्रत्येक दाता पुढच्या दात्याच्या जागी येऊन बसतो आणि डोळ्यांना गिअर थांबलेला दिसतो. ९ अंशांपेक्षा जास्त आणि १८पेक्षा कमी फिरला, तर तो उलटा फिरताना दिसतो. सिनेमात बग्गीची चाकं उलटी फिरताना दिसतात ती याचमुळे. हिशेब केला तर २० दात्यांचा गिअर मिनिटाला ३६ फेऱ्यांच्या वर नेला की घोटाळा सुरू होतो. म्हणजे ५४० फेरे हा आकडा जसाच्या तसा घालून केलेलं अ‍ॅनिमेशन तांत्रिकदृष्ट्या अचूक आणि पाहायला निरुपयोगी. वेग मुद्दाम मंद करावा लागतो, आणि किती पटींनी मंद केलाय ते पडद्यावर लिहावं लागतं. ते लिहायचा आळस फार जण करतात.

काळाशी असा खेळ महाराष्ट्रात जुना आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी दादासाहेब फाळके यांनी रोपट्याच्या वाढीची छोटी फिल्म केली होती. थोड्या थोड्या अंतरानं एकेक फ्रेम टिपायची आणि अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवायची, ही तिची रीत. गिअरवाल्याला बहुधा याच्या उलट करावं लागतं. पण एका यंत्राच्या बाबतीत दोन्ही करावं लागतं, आणि ते यंत्र जुन्नर तालुक्यातच आहे.

नारायणगावच्या पूर्वेला खोडद. तिथल्या शेतांतून उभ्या असलेल्या, आभाळाकडे तोंड केलेल्या प्रचंड जाळीदार तबकड्या म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळ्यांच्या तोंडी जीएमआरटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचा हा प्रकल्प, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभा राहिलेला. एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ तबकड्या खोडदला साधारण एक किलोमीटरच्या परिसरात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी वापरल्यामुळे वारा आरपार जातो आणि वजन कमी राहतं. तरीही काउंटरवेटसकट हलणारा भाग शंभर टनांच्या आसपास भरतो.

हा डोलारा दोन अक्षांवर फिरतो. एक आडवा, म्हणजे क्षितिजाला धरून गोल, दुसरा वर-खाली. दोन्हीकडे विजेची मोटर, वेग उतरवणारा गिअरबॉक्स आणि शेवटी लहान पिनियन व मोठा गिअर अशी साखळी आहे. आडव्या फिरण्यात मोटरच्या सुमारे १९ हजार फेऱ्यांना तबकडीची एक फेरी, आणि वर-खाली फिरण्यात हे प्रमाण सुमारे २५ हजारांना एक. तबकडी जास्तीत जास्त वेगानं आडवी फिरते तेव्हा मिनिटाला ३० अंश जाते. त्यासाठी मोटरला मिनिटाला दीड हजाराच्या वर फेरे घ्यावे लागतात. आभाळातला एखादा स्रोत मात्र तासाला साधारण १५ अंश सरकतो, म्हणजे मिनिटाला पाव अंश. त्याच्यामागे त्याच चालीनं जायचं तर मोटरचे फेरे होतात मिनिटाला १३.

याचं अ‍ॅनिमेशन करून पाहावं. मोटरचा शाफ्ट नीट दिसावा म्हणून सेकंदाला एक फेरी ठेवली, तर तबकडीची पूर्ण फेरी व्हायला सव्वापाच तास लागतील. प्रेक्षक घरी जातील. तबकडी दहा सेकंदांत फिरवली तर मोटर सेकंदाला १९०० फेरे घेईल, म्हणजे एका फ्रेममध्ये जवळजवळ ८० फेरे. मग पडद्यावर तिची जी काही चाल दिसेल तिला काही अर्थ नसेल. एकाच चित्रफितीत दोन्ही टोकं खरी दाखवणं शक्यच नाही. दोन चौकटी कराव्या लागतात, एकीत मंद केलेली मोटर आणि दुसरीत पळवलेली तबकडी, दोन्हींखाली वेगळी घड्याळं.

मर्यादांचंही भान ठेवावं लागतं. कॅडमधला शाफ्ट सांगाल तितका फिरतो. खोडदची तबकडी आडवी दोन्हीकडे २७० अंशांपर्यंतच जाते, कारण वर गेलेल्या केबलना पीळ बसतो. वर-खाली ती क्षितिजापासून १७ अंशांपर्यंत झुकते आणि दुसरीकडे डोक्यावरून पलीकडे ११० अंशांपर्यंत जाते. जॉइंटला या मर्यादा घातल्या नाहीत तर पडद्यावरची तबकडी खुशाल जमिनीत घुसते. गोविंद स्वरूप यांनीच आधी उभारलेल्या उटीच्या दुर्बिणीत हा दोन अक्षांचा व्यापच नव्हता. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी ती पन्हाळी डोंगराच्या उतारावर अशी बसवली, की तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. एकाच अक्षाभोवती सावकाश फिरवलं की स्रोताचा माग लागतो. डोंगरानं एक अक्ष वाचवला.

खोडदची खरी गंमत आहे ती प्लेमध्ये. कुठल्याही गिअरच्या जोडीत दाता खाचेपेक्षा थोडा बारीक ठेवतात. तेलाला जागा हवी, उन्हानं लोखंड प्रसरण पावतं. या मोकळ्या जागेमुळे दिशा बदलताना लहान गिअर थोडा रिकामाच फिरतो आणि मग मोठ्याला भिडतो. जुन्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला हा प्ले हाताला जाणवतो. ट्रॅक्टरचं त्यानं अडत नाही, दुर्बिणीचं अडतं. १४०० मेगाहर्ट्‌झच्या लहरींसाठी खोडदच्या एका तबकडीची नजर आभाळाचा सुमारे ०.४ अंशांचा तुकडा पाहते. त्यामुळे नेम अंशाच्या साठाव्या भागाच्या हिशेबात राखावा लागतो. समजा, शेवटच्या गिअरची त्रिज्या २ मीटर आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे त्याच्या कडेवर जेमतेम ०.६ मिलिमीटर. दात्यांत एवढी फट असली, की वाऱ्याच्या एका झुळकीनं तबकडी तेवढी डुलणार.

यावरचा उपाय असा: प्रत्येक अक्षावर एकाच्या जागी दोन मोटरी. दोघींचे पिनियन एकाच मोठ्या गिअरला भिडलेले, पण त्या एकमेकींविरुद्ध थोडा जोर लावून असतात. एक पिनियन दात्याच्या एका बाजूला रेललेलं, दुसरं दुसऱ्या दात्याच्या उलट बाजूला. मोठा गिअर कुठेच मोकळा राहत नाही, त्यामुळे फट असूनही नसल्यासारखी. तबकडी फिरवायची झाली की एकीचा जोर वाढतो, दुसरीचा कमी होतो. फारच ताकद लागली तर दोघी एकाच बाजूनं ओढतात. वारा ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेला तर निरीक्षण थांबवून तबकडी डोक्यावरच्या आभाळाकडे वळवून ठेवतात.

आता हीच रचना नेहमीच्या कॅड अ‍ॅनिमेशनमध्ये घालावी. दोन्ही पिनियनचं मोठ्या गिअरशी गुणोत्तर एकच. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं दुसऱ्या मोटरनं नवं काहीच सांगितलं नाही. ती काढून टाकली तरी हालचालीत तसूभर फरक पडत नाही. गणितानं जिला फालतू ठरवलं, तिच्यावाचून तबकडीचा नेम धरत नाही. गुणोत्तरावर चालणारं अ‍ॅनिमेशन कुठे अपुरं पडतं, याचं याहून चपखल उदाहरण जुन्नर-आंबेगावात दुसरं नसेल.

म्हणजे दुसरं आहे, पण ते कारखान्यात. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर, दोन्ही सहकारी साखर कारखाने. साखर कारखान्याच्या मिलमध्ये ऊस तीन लाटांमधून, म्हणजे रोलरांमधून, दाबून रस काढतात. वरची लाट पक्की बांधलेली नसते. हायड्रॉलिक दाबाखाली, ऊस कमी-जास्त आला की ती वर-खाली होते. पारंपरिक मिलमध्ये वरची लाट खालच्या दोघींना क्राउन पिनियनच्या गिअरांनी फिरवते. म्हणजे शाफ्टमधलं अंतर सतत बदलतं. नेहमीच्या मापाचे दाते असते तर लाट उचलली गेल्यावर ते निसटले असते, म्हणून या पिनियनचे दाते मुद्दाम लांब ठेवतात. कॅडमधला गिअर जॉइंट मात्र दोन अक्ष जागेवरच आहेत असं धरून चालतो.

अशा ठिकाणी गुणोत्तर सोडून संपर्काचं अनुकरण करावं लागतं. दात्याला दाता टेकला की बल किती, घर्षण किती, हे सॉफ्टवेअर क्षणाक्षणाला मोजतं. इथे दाते शोभेचे राहत नाहीत. आकार चुकला तर गिअर अडतो किंवा खडखडतो. किंमत मोजावी लागते ती वेळेची. काही सेकंदांच्या हालचालीला साधा लॅपटॉप कितीतरी वेळ घेतो, आणि काळाची पायरी मोठी ठेवली तर एका पायरीत दाता दात्यातून आरपार जातो आणि गणकाला त्याचा पत्ताही लागत नाही. ग्रीसच्या समुद्रातून १९०१ साली वर आलेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या अँटिकिथेरा यंत्राची संगणकावर प्रतिकृती करतानाही नुसतं गुणोत्तर पुरत नाही. त्यात चंद्राची कमी-जास्त होणारी चाल दाखवायला एका गिअरवरची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत, थोड्या सरकवलेल्या केंद्राभोवती फिरते. ठरावीक गुणोत्तर घातलं की तो चंद्र एकसारखा चालतो आणि कारागिराची सगळी करामत वाया जाते.

रोजच्या शिकवण्यासाठी एवढं सगळं लागत नाही. दात्यांची संख्या, उणे चिन्ह, अर्ध्या दात्याची सरक, लाल केलेला एक दाता आणि कोपऱ्यात लिहिलेला वेग, इतक्यावर डिप्लोमाच्या वर्गाचं काम भागतं. फ्रीकॅड आणि ओपनएससीकॅड दोन्ही फुकट मिळतात. आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, तेव्हा शाळा-कॉलेजांची पोरं आपापली मॉडेलं घेऊन येतात. शिक्षकांनी पोरांना तिथे नुसतं तबकडीसमोर उभं करून परत आणू नये. आपलं अ‍ॅनिमेशन आधी करून न्यावं आणि तिथल्या इंजिनिअरांना एकच प्रश्न विचारावा: एका अक्षाला दोन मोटरी कशाला? मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण त्याच्या लहरी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतात. तेव्हा उत्तर वहीत उतरवून घ्यावं.